आपणही भाडेकरूच

(सामान्य काळातील २७ वा रविवार, वर्ष 'अ')



आजच्या मिस्साबलिदानात द्राक्षमळ्याविषयी आपण दोनदा ऐकणार आहोत. पहिल्या वाचनात (यशया ५:१-७) देव स्वतः मळा लावतो, दगडगोटे वेचून काढतो, चांगली वेल निवडतो आणि शेवटी हाती येतात ती आंबट द्राक्षे. शुभवर्तमानात (मत्तय २१:३३-४३) एक गृहस्थ मळा लावतो, भोवती कुंपण घालतो, द्राक्षकुंड खणतो, माळा बांधतो आणि तो मळा खंडाने देऊन परदेशी जातो. हंगाम आल्यावर तो आपला वाटा मागायला नोकर पाठवतो, तर मळा कसणारे त्यांना मारहाण करतात. पुन्हा नोकर जातात, त्यांचीही तीच गत होते. शेवटी तो आपल्या पुत्राला पाठवतो. ते त्यालाही मळ्याबाहेर नेऊन ठार मारतात.

हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्या धर्मग्रामात तो आज काही घरांत जरा वेगळ्या कानांनी ऐकला जाईल असे आम्हाला वाटते. घर आशीर्वादित करण्यासाठी किंवा आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही वाडीत फिरतो, तेव्हा घरामागे दोन-चार खोल्या दिसतातच. जिथे एकेकाळी केळी आणि पानवेली होत्या, तिथे आज खोल्यांची ओळ आहे. कुणाला बिल्डरकडून जमिनीच्या बदल्यात एखादा फ्लॅट मिळाला, कुणी निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढवला. वसईच्या या पट्ट्यात शेती आणि बागायत मागे पडली आणि भाडे हे अनेक घरांचे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचे आणि विधवांचे, पोट भरण्याचे साधन झाले. त्यात गैर काही नाही. पण त्याबरोबर भाडेकरूशी भांडण, डिपॉझिटवरून तंटा, करार संपला तरी खोली न सोडणारा माणूस हेही घरात आले. पॅरिश हाऊसमध्ये सल्ल्यासाठी येणाऱ्यांत हल्ली हा विषय वारंवार निघतो. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आपण दाखल्यात कुठे उभे आहोत?

भाडेकरूने सतावलेला माणूस हा दाखला ऐकून म्हणेल, "बघा फादर, येशूलाही ठाऊक होते हे लोक कसे असतात!" तो स्वतःला मळ्याच्या धन्याच्या जागी ठेवतो. परंतु दाखल्यातील धनी तो नव्हे. धनी देव आहे. दाखला सांगितला गेला तो मंदिरातील पुढाऱ्यांना, म्हणजे ज्यांना मळा आपलाच वाटू लागला होता त्यांना. आपण सारे त्या मळ्यात खंडाने ठेवलेली माणसे आहोत.

लेवीयच्या पुस्तकात (२५:२३) परमेश्वर इस्राएलला स्पष्ट बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे, आणि लोक त्याच्या दारी आलेले उपरे आहेत. सातबारा कुणाच्याही नावावर असो, वरचा मालक एकच आहे. आम्हा धर्मगुरूंना तर हे दर काही वर्षांनी आठवते. बदलीचा हुकूम आला की पेटी भरायची आणि खोली दुसऱ्या फादरच्या हाती द्यायची. आपल्यापैकी प्रत्येकाला एक दिवस असा हुकूम येणारच आहे.

आणखी एक आठवण करून देतो. कूळ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे दुसऱ्याची जमीन कसत होते. पीक बुडाले तरी खंड चुकत नसे. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन होण्याचा मार्ग खुला झाला. त्याआधी जमीनमालकाच्या ओट्यावर टोपी हातात धरून उभे राहणे काय असते, हे आपल्या आजोबांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. आज त्याच घरांच्या ओट्यावर उत्तर प्रदेशातून, कोकणातून, केरळातून पोट भरायला आलेला माणूस उभा राहतो. परमेश्वराने इस्राएलला पुन्हा पुन्हा सांगितले की परक्याला छळू नका, कारण मिसरात तुम्हीही परके होता (निर्गम २२:२१). ही आठवण विसरायची नाही.

शब्द कागदावर असावा

काहीजण म्हणतात, "फादर, आम्ही ख्रिस्ती माणसे, आमचा शब्द पुरे." शब्द मोलाचा आहेच, पण शब्दाचे स्मरण दोघांना दोन प्रकारे राहते. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले, तेव्हा त्याने खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी ठेवली आणि दोन्ही मातीच्या भांड्यात घालायला लावल्या (यिर्मया ३२). देवाच्या माणसाने देवाच्या सांगण्यावरून केलेला व्यवहारही कागदावर होता!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स करार, तो लेखी असावा आणि नोंदवलेला असावा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि तंटा झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत ते खोटे आहे असे सिद्ध होत नाही. नोंदणी न करणे हा गुन्हाही आहे. लिव्ह अँड लायसन्सवरचे मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्याच्या पाव टक्का असते. आठ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला, डिपॉझिटवरील हिशेब धरूनही, ते दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी वेगळी. एवढे पैसे वाचवण्यासाठी लोक एजंटने दिलेल्या साध्या स्टॅम्प पेपरवर भागवतात आणि पुढे वर्षानुवर्षे रडतात.

करार करताना मीटरचे आकडे लिहून ठेवा. पंखे, नळ, खिडक्या कशा आहेत त्याचे फोटो दोघांकडे असू द्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाडे हाती घेतले की पावती द्या. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. २४१०) भाड्याच्या कराराचा उल्लेख आहे, आणि करार हा खऱ्या मनाने करायचा व पाळायचा असतो अशी शिकवण आहे. ती दोघांनाही लागू आहे. स्वच्छ कागद हा अविश्वास नव्हे. पुढचे भांडण टाळणारे ते प्रेमाचेच काम आहे.

उंबरा आणि पांघरूण

मोशेच्या नियमशास्त्रात दोन बारीक गोष्टी आहेत. आपण त्या वाचतो आणि पुढे जातो. पहिली, कर्ज देणाऱ्याने तारण घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, घरातल्याने ते बाहेर आणून द्यावे (अनुवाद २४:१०-११). गरिबाचे कर्ज असले तरी त्याचे घर त्याचे आहे. आपल्याकडे खोलीची दुसरी किल्ली असते. भाडेकरू कामावर गेला की "जरा बघून येते" म्हणून आत जाणारे आहेत. बाई घरात एकटी असताना भाडे मागायला दारातून सरळ आत शिरणारे आहेत. खोली आपली आहे, पण त्या अकरा महिन्यांत तो उंबरा त्यांचा आहे. बाहेर उभे राहून हाक मारावी.

दुसरी गोष्ट, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते (निर्गम २२:२६-२७). डिपॉझिट म्हणजे आजचे ते पांघरूण. भाडेकरू ज्या दिवशी आपली खोली सोडतो, त्याच दिवशी त्याला दुसऱ्या मालकाला डिपॉझिट द्यायचे असते. आपण "पुढच्या महिन्यात बघू" म्हटले की त्याला सावकाराकडे जावे लागते. खरेच तोडफोड झाली असेल, वीजबिल थकले असेल, तर तेवढे हिशेब दाखवून कापावे. पण नाहीतरी जो रंग आपल्याला काढायचाच होता, त्याचे पैसे त्याच्या डिपॉझिटमधून काढणे ही चोरी आहे. तिला दुसरा शब्द नाही.

भाडे थकले तर?

आता कठीण भागाकडे येऊ. माणूस भाडे देत नाही, दारू पिऊन शेजाऱ्यांना त्रास देतो, मुदत संपली तरी निघत नाही. तेव्हा काय करावे? प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात (१८:१५-१७) चुकलेल्या भावाशी कसे वागावे याची पायरी पायरीने वाट घालून दिली आहे. आधी एकट्याने जाऊन बोल. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही तर मंडळीला सांग. आपण बहुधा उलटे करतो. आधी सगळ्या आळीला सांगतो, मग नळ बंद करतो आणि सर्वांत शेवटी, जमलेच तर, त्या माणसाशी बोलतो.

मागे आपल्याच धर्मग्रामात घडलेली एक गोष्ट त्या आजींच्या परवानगीने सांगतो. नवरा वारल्यावर चार खोल्यांच्या भाड्यावर त्यांचे घर चालते. एका खोलीत नवरा-बायको आणि शाळकरी मुलगी. भाडे साडेचार हजार, डिपॉझिट पंधरा हजार, करार नोंदवलेला नाही. पाच महिन्यांचे भाडे थकले, म्हणजे साडेबावीस हजार. भाच्याने सल्ला दिला, "मावशी, पाणी तोड, दोन दिवसांत सरळ होतील." आजींनी खोलीचा कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सासाठी निघाल्या, तर ती मुलगी शाळेच्या गणवेशात कळशी घेऊन शेजाऱ्यांच्या विहिरीकडे निघालेली. आजी म्हणाल्या, "फादर, मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठलेच नाही. बाकावरच बसून राहिले."

त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि सर्वांत आधी पाणी सोडले. कायद्यानेही मालकाला पाणी आणि वीज तोडण्याची मनाई आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही दांडगाईने बाहेर काढण्याचा अधिकार कुणाला नाही. पण आजी कायद्याच्या भीतीने वळल्या नाहीत. संध्याकाळी लहान ख्रिस्ती समूहातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन त्या ओट्यावर बसल्या आणि त्या गृहस्थाला बोलावले. तेव्हा कळले की तो ज्या गाळ्यात काम करत होता तो बंद पडला होता, शेवटचा पगारही मिळाला नव्हता. लाजेने तो आंटीसमोर यायचे टाळत होता. दोघांनी मिळून कागदावर लिहिले: डिपॉझिटचे पंधरा हजार थकबाकीत वळते करायचे, मुलीची परीक्षा होईपर्यंत दोन महिने राहायचे, त्या दोन महिन्यांचे भाडे वेळेवर द्यायचे, उरलेले साडेसात हजार जमेल तसे फेडायचे आणि एप्रिलअखेर खोली सोडायची. त्याने दोन महिन्यांचे भाडे दिले, थकबाकीतले तीन हजार दिले आणि ठरल्या दिवशी खोली झाडून किल्ली हातात ठेवली. उरलेले साडेचार हजार आजींनी सोडून दिले. "पैसे गेले, पण झोप परत आली," असे त्या म्हणाल्या. पुढचा करार मात्र त्यांनी नोंदवून घेतला!

दरवेळी असे होईल असे नाही. द्यायला नाही म्हणून न देणारा एक, आणि असून न देणारा दुसरा. दोघांना एकाच मापाने मोजू नये. नोकरी आहे, गाडी आहे, आणि करार संपल्यावर "कोर्टात जा, वीस वर्षे लागतील" असे तोंडावर सांगणाराही भाडेकरू असतो. अशा माणसापुढे मान तुकवणे ही नम्रता नव्हे. त्याच्या अन्यायाला ते खतपाणी आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मागता येते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी, मग अर्ज करावा. कायद्याकडे जाणे म्हणजे वैर धरणे नव्हे. पण चार पोरे पाठवून सामान रस्त्यावर फेकणे हे पाप आहे, समोरचा कितीही चुकला असला तरी. दाखल्यातला धनी पहा. त्याने एकदा माणसे पाठवली, दुसऱ्यांदा पाठवली, मग पुत्राला पाठवले. इतका धीर त्याने धरला. आणि शेवटी मळा दुसऱ्यांना दिला जातो हेही त्याच दाखल्यात आहे. धीर आणि ठामपणा एकत्र राहू शकतात.

अजून एक वर्ष

चांगला भाडेकरू असेल तर प्रश्न येतो नूतनीकरणाचा. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात "पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त, नाहीतर खोली सोडा" असे सांगणे अन्यायाचे आहे. मुलांची शाळा, कामाची जागा, डिपॉझिटची जमवाजमव हे सारे एका आठवड्यात होत नाही. दोन महिने आधी बसून बोलावे. भाडे वाढवू नये असे नाही. घरपट्टी वाढते, दुरुस्ती वाढते. पण हिशेबही नीट करावा. आठ हजारांच्या खोलीवर दहा टक्के वाढ म्हणजे महिन्याला आठशे, वर्षाला नऊ हजार सहाशे. ही वाढ न मिळाल्याच्या रागात चांगले कुटुंब घालवले आणि खोली दोन महिने रिकामी राहिली, तर सोळा हजार गेले. रंग आणि दलाली वेगळी. "नवीन माणूस आणतो, जास्त देईल," असे सांगणाऱ्या एजंटला प्रत्येक नव्या करारात त्याची दलाली मिळते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि नवा माणूस ठेवताना त्याची भाषा, त्याचा धर्म, त्याचे गाव विचारून दार लावणाऱ्यांनी बेथलेहेम आठवावे. त्या रात्री योसेफ आणि मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही (लूक २:७). संत पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करत राहिला (प्रेषितांची कृत्ये २८:३०). त्याला कुणीतरी घर दिले होते. साखळदंडाने बांधलेल्या, पहाऱ्यातल्या परदेशी माणसाला! त्या घरमालकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे.

लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. तेवढ्या वेळात तो भोवती खणणार आहे, खत घालणार आहे. बंधुभगिनींनो, आपल्या आयुष्याचे नूतनीकरण असेच होत आले आहे. आपला करार कितीदा संपला असता! आपली थकबाकी फेडता येण्यासारखी नव्हती. तरी प्रभूने आपल्यासाठी दर वर्षी आणखी एक वर्ष मागून घेतले. ज्याला एवढी मुदत मिळाली, त्याने दुसऱ्याला दोन महिने देताना हात आखडू नये.

आजच्या दुसऱ्या वाचनात (फिलिप्पैकरांस ४:६-९) संत पौल काळजीने मन पोखरू न देता प्रार्थनेत सारे देवापुढे मांडायला सांगतो, आणि जे सत्य, जे न्याय्य, जे आदरणीय त्याचाच विचार करायला सांगतो. या आठवड्यात रोजरी म्हणताना ज्यांच्याकडे भाडेकरू आहेत त्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्या खोलीत राहणाऱ्यांची पूर्ण नावे मला ठाऊक आहेत का? कुणाचे डिपॉझिट माझ्याकडे अडकून आहे का? ज्याच्याशी भांडण आहे, त्याच्याशी मी एकट्याने, शांतपणे एकदा तरी बोललो का? आणि जे स्वतः भाड्याने राहतात त्यांनीही विचारावे: पैसे हातात असताना मी कुणा म्हाताऱ्या मालकिणीला ताटकळत ठेवले आहे का? ती खोली मी माझी समजून जपतो का?

करार तपासायचा असेल, समजुतीसाठी मध्ये कुणी बसायला हवे असेल, तर पॅरिश हाऊसचे दार उघडे आहे. मळ्याचा धनी आपल्याकडे फळ मागायला येईल, तेव्हा आपल्या ओंजळीत थोडा न्याय आणि थोडी दया असावी, हीच आमची प्रार्थना.

प्रभू आपणा सर्वांना, आपल्या घरांना आणि आपल्या घरांच्या आसऱ्याला राहणाऱ्यांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपले धर्मगुरू